शेजाऱ्यांचा फसलेला रहस्यपट एडिट टेबलवर कसा सावरावा

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, पिक्चर तसा चांगला झालाय, फक्त थोडा स्लो वाटतोय." चांगल्या झालेल्या पिक्चरसाठी कुणी दुसरा एडिटर शोधत नाही, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. हार्ड डिस्क घेऊन येणारा मुलगा बहुधा पहिल्यांदाच दिग्दर्शन करत असतो, पैसे मामांचे असतात आणि गोष्ट शेजाऱ्यांची असते. शेजाऱ्यांचीच का, तर परवडते म्हणून. एक फ्लॅट, एक जिना, चार नट, शेवटी दहा मिनिटांपुरता एक इन्स्पेक्टर. रस्त्यावर शूटिंग नाही म्हणजे परवानग्यांची कटकट नाही. भर पावसाळ्यातही काम चालू राहतं. समोरच्या दारामागे काहीतरी भयंकर चाललंय, एवढं सांगितलं की मामांनाही पटतं.

मी पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत, आईच्या जुन्या खोलीत एडिटिंग करते. त्याआधी बरीच वर्षं अंधेरीत असिस्टंट म्हणून काढली. फसलेले रहस्यपट सावरायचं काम मला आवडतं. पैसे कमी मिळतात, पण डोकं कुणी खात नाही, सगळे आधीच घाबरलेले असतात. खाली लिहितेय ते अशा पिक्चरवर बसलेल्या एडिटरसाठी, आणि स्वतःचा पिक्चर स्वतःच कापायला निघालेल्या दिग्दर्शकासाठी. उदाहरणाला एकच पिक्चर घेते. नाव सांगणार नाही.

गोष्ट अशी. पुनर्विकासाला निघालेली डोंबिवलीतली जुनी सोसायटी. तिसऱ्या मजल्यावर एक नवं जोडपं भाड्याने येतं. नवऱ्याला नाइट शिफ्ट. समोरच्या दारात सत्तरीचे एक काका. त्यांच्या बायकोबद्दल सगळी बिल्डिंग बोलते, पण ती दिसत कधीच नाही. नायिकेला संशय येतो. शेवटी कळतं की काकू गावी गेल्या आणि तिथेच चार महिन्यांपूर्वी वारल्या, आणि काकांनी ते इथे कुणाला सांगितलंच नाही. फ्लॅट काकूंना त्यांच्या वडिलांकडून आलेला. मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, त्या बाईला मूल नसेल तर, नवऱ्याकडे जात नाही. तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे इथे काकूंच्या भावांकडे. काकू गेल्याचं कळलं की काका रस्त्यावर.

काय झकास कारण आहे! खुनापेक्षा कितीतरी सरस. आणि ते या पिक्चरमध्ये शेवटच्या नऊ मिनिटांत इन्स्पेक्टरच्या तोंडून येत होतं, कलम-बिलम सकट. तोवर पाऊणेदोन तास प्रेक्षकाला काय, तर बंद दार, काकांचे बारीक केलेले डोळे आणि सिंथेसायझरची घरघर.

या प्रकारातल्या बहुतेक पिक्चरचं दुखणं हेच असतं. दिग्दर्शक गोष्ट दडवून ठेवतो आणि दडवण्यालाच रहस्य समजतो. ज्याला काहीच माहीत नाही तो प्रेक्षक घाबरत नाही, कंटाळतो. तेव्हा सावरायचं म्हणजे मुख्यतः दडवलेलं शोधून काढायचं आणि वेळेत द्यायचं. बाकीची कापाकापी दुय्यम.

आधी हात लावू नका

पहिल्या दिवशी काहीही कापू नका. स्क्रिप्ट न वाचलेली, सिनेमाच्या धंद्यातली नसलेली तीन माणसं बसवा आणि रफ कट, म्हणजे पिक्चरची पहिली कच्ची जोडणी, सलग दाखवा. दिग्दर्शकाच्या घरचे नकोत, आणि दिग्दर्शक स्वतःही खोलीत नको. तो असला की प्रत्येक ट्विस्टच्या आधी मागे वळून चेहरे बघत बसतो. माझ्याकडे खालच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ येतात, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची बहीण येते, आणि जी कुणी मोकळी असेल ती एक. तुम्ही पडद्याकडे बघायचं नाही, त्यांच्या हातांकडे बघायचं. मोबाइल कधी उचलला तो टाइमकोड, म्हणजे पिक्चरमधला नेमका मिनिट-सेकंद, लिहून ठेवायचा.

नंतर "कसा वाटला" विचारू नका. आपल्याकडे चहा पिऊन झालेला माणूस "छान आहे" म्हणतो. कागद द्या आणि सांगा, कोणाचं घर कुठे आहे ते काढा. संशय कुणावर आला आणि कधी विरला ते विचारा. पुढे काय होईल हे कुठे जाणून घ्यावंसं वाटलं ते विचारा. या पिक्चरला तिघांपैकी दोघांनी काकांचं घर नायिकेच्या वरच्या मजल्यावर काढलं. झेरॉक्सवाल्याच्या बहिणीने सरळ दुसऱ्या बिल्डिंगमध्ये काढलं. मग संशय कसला येणार?

नकाशा

शेजाऱ्यांच्या गोष्टीत भूगोल कच्चा राहिला की बाकी सगळं वाया. कोण कुठून काय बघू शकतं, कोणाला काय ऐकू जातं, दारातून बाहेर पडलं की कोण आडवं येतं, हे प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसलं तरच पुढे भीती वाटते. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याच्या 1954 च्या 'रिअर विंडो'साठी पॅरामाउंट स्टुडिओत इमारतींनी वेढलेलं अख्खं अंगण उभं केलं होतं, आणि उंची मिळावी म्हणून स्टुडिओची जमीन काढून तळघरापर्यंत गेले होते. त्या खर्चाची तुमची ऐपत नाही, माझीही नाही. पण त्या पिक्चरमध्ये कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ नायकाच्याच घरात राहतो. ती शिस्त फुकट आहे.

या पिक्चरचं शूटिंग दोन वेगळ्या फ्लॅटमध्ये झालं होतं, तेही वेगवेगळ्या इमारतींत. हे चालतं. पण दोन्ही दारं एका फ्रेममध्ये दाखवणारा एकही शॉट नव्हता. कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण युनिटला कुठलं घर कुठे आहे ते माहीतच होतं.

उपाय एका शॉटचा आहे. पॅसेजमध्ये, जिन्याच्या खालच्या पायरीवरून, समोरासमोरची दोन दारं. एका दाराशी चपलांचा स्टँड आणि वाढदिवसाच्या फुग्याचा तुकडा अजून चिकटलेला, दुसऱ्या दाराला सेफ्टी डोअर आणि काकूंच्या नावाची पाटी. पहिल्या पाच मिनिटांत हा शॉट टाका. नंतर प्रत्येक वेळी कुणी दार उघडायच्या आधी त्याचाच एखाद सेकंदाचा तुकडा. असा शॉट नसेल तर पॅचवर्कच्या, म्हणजे नंतर करायच्या जोडशूटिंगच्या, यादीत तो पहिला लिहा. पाटीवर काकूंचंच नाव हवं. फ्लॅट त्यांचा आहे हे प्रेक्षक नकळत वाचून ठेवतो.

दुसरा घोळ नजरेच्या दिशेचा. नायिका मॅजिक आयमधून बघते तेव्हा ती डावीकडे बघतेय, आणि काका बाहेर येतात तेही डावीकडेच बघत. दोघं एकाच बसची वाट बघत असल्यासारखे दिसतात. असा शॉट सॉफ्टवेअरमध्ये उलटा करता येतो, पण करायच्या आधी फ्रेम नीट तपासा. पाटीवरची अक्षरं उलटी होतात, भिंतीवरचं कॅलेंडर उलटं होतं, शर्टाची बटणं दुसऱ्या बाजूला जातात आणि साडीचा पदर उजव्या खांद्यावर येतो. बाकी सगळं सुटेल. पदर सुटणार नाही, आपल्याकडची कुठलीही बाई तो पकडते. क्लोजअप असेल आणि पदर फ्रेमबाहेर असेल तरच उलटा करा.

कुणाला काय माहीत आहे

आता भिंतीवर कागद चिकटवा. प्रत्येक सीनसाठी एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर घटना न लिहिता एवढंच लिहा: या सीननंतर प्रेक्षकाला नवीन काय कळलं, आणि ते नायिकेला कळलं का. ज्या चिठ्ठीवर लिहायला काही सापडत नाही तो सीन बहुतेक काढायचाच आहे. या पिक्चरमध्ये मधल्या चाळीस मिनिटांत अशा कोऱ्या चिठ्ठ्या ओळीने लागल्या. नायिका दार उघडते, कुणी नाही. नायिका दार उघडते, दूधवाला. नायिका स्वप्नातून जागी होते.

हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं बॉम्बचं उदाहरण फिल्म स्कूलच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांच्या कानावरून जातं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे माहीत नसताना तो फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी माहीत असेल तर पंधरा मिनिटांचा ताण. ऐकतात सगळे, वापरत कुणी नाही, कारण ट्विस्ट हातचा सोडवत नाही. 'रिअर विंडो'मध्येच बघा. नायक खिडकीतून समोरच्या घरांवर नजर ठेवून असतो. पहाटे समोरचा माणूस एका बाईबरोबर घराबाहेर पडतो तेव्हा नायक खुर्चीत झोपलेला असतो. ते फक्त आपण बघतो. तिथून पुढे नायक ठामपणे "त्याने बायकोला मारलं" म्हणतो तेव्हा आपण त्याच्याबरोबर असतो आणि थोडे नसतोही. एवढीशी माहिती, पण अख्खा पिक्चर तिच्यावर डगमगत राहतो.

आम्ही वारसाहक्काची गोष्ट विसाव्या मिनिटाला आणली. सोसायटीच्या सभेचा एक सीन होता, विनोदी म्हणून शूट केलेला, पार्किंगवरून भांडण वगैरे. त्यात सेक्रेटरीचा पाठमोरा शॉट मिळाला. पाठमोरा नट म्हणजे एडिटरची चैन. ओठ दिसत नाहीत, डबिंगमध्ये काहीही बोलवून घ्या. सेक्रेटरी आता म्हणतो, "करारावर काकूंचीच सही लागेल. फ्लॅट त्यांच्या वडिलांचा. काकांचा त्यात काय संबंध?" लगेच काकांचा क्लोजअप. हा क्लोजअप मुळात पार्किंगच्या भांडणातला होता, त्यांना बहुधा कंटाळा आलेला होता. आता तो माणूस हिशेब करताना दिसतो.

कलमाचा आकडा मात्र आम्ही काढून टाकला. प्रेक्षकाला कायदा नको असतो. काकांकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे आणि ते पैशाचं आहे, एवढं पुरतं.

मग काकू मेल्यात हेही आधीच सांगायचं का? यावर दिग्दर्शक आणि मी दोन दिवस भांडलो. "ताई, मग राहिलं काय?" राहिलं पुष्कळ. मध्यंतराच्या जरा आधी प्रेक्षकाला कळू द्या, नायिकेला नको. त्यानंतर नायिका वाटीत खीर घेऊन काकूंना भेटायला म्हणून त्या दारात उभी राहते, तेव्हा प्रेक्षक काकांच्या बाजूने घाबरतो. आपण ज्याला खुनी समजत होतो त्याचीच काळजी वाटायला लागते. कमी बजेटमध्ये यापेक्षा महागडी गोष्ट मिळत नाही.

मिक्सर

इथे जरा रेंगाळते, कारण हा पिक्चर सावरला तो इथेच.

शेवटच्या फ्लॅशबॅकमध्ये काकांचं एक वाक्य होतं: "मी रोज सकाळी तिच्या वेळेला मिक्सर लावायचो, लोकांना वाटावं ती आहे." लिहिणाऱ्याला सोनं सापडलं होतं आणि त्याने ते संवादात पुरलं. पाऊणेदोन तासांत मिक्सर एकदाही ऐकू आला नव्हता! स्क्रिप्टमध्ये अशी वाक्यं शोधा. "मी रोज असं करायचो", "तेव्हा मी तिथेच उभी होते", अशा प्रत्येक वाक्यामागे न दाखवलेला, न ऐकवलेला एक सीन पडलेला असतो.

आवाजाला लोकेशन लागत नाही, नटाच्या तारखा लागत नाहीत. भिंतीपलीकडचा आवाज बनवायच्या दोन पद्धती आहेत. सोपी म्हणजे फिल्टर. भिंत वरच्या पट्टीचे आवाज अडवते आणि खालचे बरेचसे जाऊ देते, म्हणून चारशे-पाचशे हर्ट्‌झच्या वरचं सगळं उतरवा. नवखे दोन हजारांवर थांबतात आणि मग आवाज उघड्या खिडकीतून आल्यासारखा वाटतो. फिल्टर लावल्यावर ऐकणाऱ्याच्या खोलीची थोडी गुंज द्या, बोलणाऱ्याच्या नाही. बोलणं असेल तर शब्द कळता कामा नयेत, चाल कळली पाहिजे. भांडण आहे की लाडीगोडी, एवढंच.

खरी पद्धत जास्त चांगली. मी माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर लावला आणि रेकॉर्डर शेजारच्या घरात, त्यांच्या हॉलमध्ये ठेवला. स्टँडवर ठेवा, जमिनीवर किंवा ओट्यावर नको, नाहीतर कंपनं सरळ माइकमध्ये चढतात. पंखा बंद करायला सांगा. एक मिनिटभर नुसती शांतता पण रेकॉर्ड करून घ्या, ती पुढे प्रत्येक जोडावर पसरायला लागते. भिंतीतून, बंद दारातून आणि बाथरूमच्या डक्टमधून असे तीन वेगळे आवाज घ्या. दाराला फटी असतात, तिथून आवाज भिंतीपेक्षा स्वच्छ येतो. डक्टमधून तर वरच्या मजल्यावरचं चूळ भरणंही ऐकू येतं. प्रेक्षकाला हे शास्त्र सांगावं लागत नाही, त्याचं आयुष्य बिल्डिंगमध्येच गेलेलं असतं.

आणि मग रेकॉर्डिंग ऐकताना हाताला लागलेली गोष्ट. ओलं खोबरं, मिरच्या घातलेला मिक्सर आधी गुरगुरतो, अडतो, मग वाटण बारीक होत जातं तसा सूर वर चढतो. रिकाम्या भांड्याचा मिक्सर पहिल्यापासून एकाच वरच्या सुरात किंचाळतो, कारण मोटारीवर भार नसतो. काका स्वयंपाक करत नाहीत. ते रिकामं भांडं फिरवतात.

पिक्चरच्या तिसऱ्या मिनिटापासून रोज सकाळी भिंतीपलीकडे मिक्सर लागतो, सात वाजता, काही सेकंद. पहिले तीन वेळा कुणाचंच लक्ष जात नाही. मग नायिका स्वतः चटणी वाटते, त्याचा आवाज आपण जवळून, पूर्ण ऐकतो. दुसऱ्या दिवशी सात वाजता पलीकडचा मिक्सर लागतो आणि ती हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघते. संवाद नाही, संगीत नाही. पुढच्या खेपेला दाखवलं तेव्हा झेरॉक्सवाल्याच्या बहिणीच्या ओळखीची जी बाई आली होती, तिने तिथे मोठ्याने म्हटलं, "अगं, रिकामा फिरतोय तो!" तिच्याबरोबर बसलेल्या गृहस्थांना दहा मिनिटं काही कळलं नाही. तेही चालतं.

संगीताबद्दल फार लिहीत नाही. आहे त्यातलं पाऊण काढून टाका. संगीतकार रुसतो, नंतर पिक्चर बघून येतो आणि उरलेलं पाव आपणच काढायला सांगितलं होतं म्हणतो. घाबरवायच्या जागी संगीत घालण्याऐवजी फ्रिज वापरा. रात्रीच्या सीनखाली फ्रिजची घरघर बारीक चालू ठेवा आणि हवी तिथे ती बंद करा. कॉम्प्रेसर थांबल्यावर जी शांतता होते तिच्यात माणूस आपोआप कान टवकारतो.

नटी नसताना नटीचा सीन

वर म्हटलं, नायिका भिंतीकडे बघते. तो शॉट कुठून आला? नायिकेने तोवर केस कापले होते आणि ती एका मालिकेत अडकली होती, महिन्यातले पंचवीस दिवस. नवीन शूटिंग शक्यच नव्हतं. तिचं भिंतीकडे बघणं मुळात नवऱ्याचा फोन लागत नाही त्या सीनमधलं आहे.

रशियात कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हेच करून दाखवलं. एकाच नटाचा तोच चेहरा आधी सूपच्या थाळीशेजारी, मग शवपेटीशेजारी लावला आणि लोकांना भूक आणि दुःख वेगवेगळं दिसलं. म्हणून पॅचवर्कला नटीला बोलवायच्या आधी तिचे सगळे टेक, एनजी म्हणजे बाद ठरवलेल्यांसकट, पुन्हा बघा. "अॅक्शन" म्हणायच्या आधीचे आणि "कट" नंतरचे दोन-तीन सेकंद सोन्याचे असतात. तिथे माणूस अभिनय करत नसतो. काकांचं काम करणाऱ्या नटाने पहिल्या सीनपासून गुन्हेगारासारखे डोळे फिरवले होते. त्यांचे जवळजवळ सगळे निष्पाप चेहरे मला क्लॅपच्या आसपास सापडले. एकात ते स्पॉटबॉयला चहा विचारत होते.

मग पॅचवर्क अर्ध्या दिवसात होतं. फक्त वस्तू आणि हात. मिक्सरचं भांडं, चटणी वाटणारा हात, काकूंच्या नावाची पाटी, दाराखालून दिसणारा उजेड आणि त्यात सरकणारी सावली. हात दुसऱ्या कुणाचा चालतो, पण बांगड्या त्याच हव्यात. आधीच्या शॉटमधून फोटो काढून घ्या: किती, कुठल्या रंगाच्या, घड्याळ कुठल्या हातात, नखांना रंग आहे का. आमच्या इथे दिग्दर्शकाची बहीण बसली. तिच्या बोटावरची लग्नाची अंगठी काढायला साबण लागला, तेवढाच वेळ गेला.

लेन्स जुनीच वापरा आणि उजेडाची दिशा जुळवा. पॅचवर्क ओळखू येतं ते जास्त चांगलं शूट झाल्यामुळे.

छोट्या छोट्या गोष्टी

काका गॅलरीत अंधारात सिगारेट ओढतात, नुसता लाल ठिपका दिसतो. डीओपीचा, म्हणजे कॅमेरामनचा, सगळ्यात आवडता शॉट. पण पडद्यावर सिगारेट आहे तोवर खाली आरोग्याच्या इशाऱ्याची पट्टी लावावी लागते, म्हणजे अंधारातला तो एकुलता ठिपका आणि खाली ढळढळीत पांढरी पट्टी. कापला. त्याऐवजी गॅलरीतल्या झोपाळ्याची करकर ठेवली. डीओपी अजून बोलत नाही.

नायिकेला मनातलं मोठ्याने बोलायला लावलेलं सगळं काढा. "हे काका असे काय वागतात?" हे घरात एकटी असताना कुणी म्हणत नाही. फसवे संशयित एकच ठेवा. दूधवाला, वॉचमन आणि वेडसर भाचा असे तिघे होते. वॉचमन ठेवला, कारण त्याला जिन्यात बसायचं कारण होतं. भाचा पूर्ण गेला, आणि तो मामांचा खरा भाचा निघाला. हे आधी विचारून घ्यायचं असतं.

लांबी कमी करायला घाबरू नका, पण 72 मिनिटांच्या खाली जाऊ नका, त्याखाली नियमांच्या हिशेबात तो लांबीचा चित्रपट राहत नाही. हा एकशे चौदा मिनिटांवरून अठ्ठ्याऐंशीवर आला. आणि हे सगळं सेन्सॉरच्या आधी करा. प्रमाणपत्र मिळाल्यावर काही कापलं किंवा घातलं तर ते बोर्डाला कळवून मंजुरी घ्यावी लागते, आणि तोवर मामांचा धीर सुटतो.

शेवट

नऊ मिनिटांच्या खुलाशाला कात्री लावताना सगळ्यांचा जीव खालीवर होतो. साधी कसोटी लावा. इन्स्पेक्टर जे सांगतो त्यातलं प्रेक्षकाला आधीच काय माहीत झालंय ते पेन्सिलने खोडा. आमच्याकडे फक्त एक गोष्ट उरली: काकूंच्या सह्या कोण करत होतं. ती त्यांच्या वहीतल्या गिरवलेल्या पानांवरून दिसते, इन्स्पेक्टरने तोंड उघडायची गरज नाही. खुलासा पावणेदोन मिनिटांचा झाला. इन्स्पेक्टरचं काम करणारे ज्येष्ठ नट होते, त्यांचे बाकीचे संवाद गेले म्हणून दिग्दर्शकाने स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. हे फोनवर करू नये.

सगळं सावरत नाही, हेही सांगून ठेवते. नवरा-बायकोत मुळात काही नातंच लिहिलेलं नव्हतं, ते एडिटमध्ये येणार नव्हतं. नवरा शेवटपर्यंत नाइट शिफ्टला जाणारा एक माणूसच राहिला. आम्ही त्याचे सीन आखडले आणि त्याला जास्त वेळ फोनवर ठेवला. समीक्षकांनी लिहिलंच, नवऱ्याची व्यक्तिरेखा तोकडी आहे म्हणून. बरोबर लिहिलं.

नवा कट झाला की पुन्हा तीन माणसं बसवा, पण पहिली तीन नकोत. त्यांना शेवट माहीत असतो आणि ती तुम्हाला मदत करायला लागतात. पुन्हा कागदावर घरं काढायला लावा. दोन दारं समोरासमोर आली की साउंडवाल्याकडे फाइल पाठवा.

ट्रेलर कापणारा वेगळा असेल तर त्याला शेवटचे दोन रीळ देऊच नका. पहिल्या चाळीस मिनिटांत काय करायचं ते कर म्हणावं. आणि मिक्सर त्यात वापरू नको, हे त्याला लेखी कळवा.